सासुरवाडीला मी उपाशी ठरवलं

माझ्या सासूबाई मला अजूनही ‘जवाई’ म्हणतात, ‘तुम्ही’ म्हणतात, ताटाखाली पाटही ठेवतात. फक्त बोलताना माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या मागच्या भिंतीकडे बघतात. शिवी दिली असती तर मी उलट दिली असती आणि मोकळा झालो असतो. पण आमच्याकडे जावयाला शिवी देत नाहीत. आदरानं मारतात.

पांढुर्ण्यातली माझी गणिताची शिकवणी बंद पडली होती. पोरं मोबाईलवर गणित शिकायला लागली, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरी शिकायला लागली. त्याच सुमारास दिल्लीच्या एका संशोधन संस्थेला आमच्या भागात माणूस हवा होता. परदेशातल्या मदत करणाऱ्या मोठ्या संस्थांना म्हणे ठरवायचं होतं, की कुठल्या मुलखात किती भूक आहे आणि मदत आधी कुठं जावी. त्यासाठी घरोघर प्रश्न विचारायचे, उत्तरं टॅबमध्ये भरायची. अट एकच: माणूस तिथलाच पाहिजे. बाहेरच्याला लोक खरं सांगत नाहीत.

मुलाखतीत मी छाती काढून म्हणालो, “मॅडम, इथल्या माणसाच्या पोटात काय आहे ते मी तोंड पाहून सांगतो.”

मॅडम खूश झाल्या. हे वाक्य आठवलं की आजही दात-ओठ खातो, स्वतःवरच.

गावं कॉम्प्युटरनं निवडली. रामाकोन्याकडचं एक गाव निघालं, ती नेमकी माझी सासुरवाडी. नातेवाइकांच्या गावी दुसऱ्याला पाठवायचं, असा नियम होता. मी नातं सांगितलंच नाही. दोन वेळच्या जेवणाची सोय होत होती, ती कोण सोडतो?

काम आलं नवरात्रात. घट बसले होते. आमच्याकडे घराघरांतून उपवास असतात. बाया नऊ दिवस धान्याला हात लावत नाहीत, गादीवर झोपत नाहीत, पुष्कळ जण पायात चप्पल घालत नाहीत. मीही घालत नव्हतो. दिल्लीचा टॅब गळ्यात, आणि मोटारसायकलच्या गिअरवर उघडा पाय, असा मी गावात शिरलो.

पहिलं घर सासऱ्यांचं. मागे संत्र्याचा बगीचा, आंबिया बहाराची फळं झाडावर पिकून पिवळी व्हायला लागलेली. सासूबाईंनी साबुदाण्याची उसळ आणि दही पुढं ठेवलं. मी खाता खाता विचारायला लागलो.

“गेल्या आठवड्यात एखादं जेवण सोडावं लागलं का?”

“सोडलं नं.”

“धान्य न खाता दिवस काढला?”

“रोजच काढून राहिलो, बाप्पा.”

“शेजारून खायचं काही मागून आणलं?”

“काल विरजण आणलं. आपलं नासलं होतं.”

“जमिनीवर झोपता?”

“नऊ दिवस गादीवर कोनी झोपते का, जवाई? काय पुसून राहिले तुम्ही!”

हो, हो, हो, हो. बोट सरसर चाललं होतं. पुढं मी स्वतः बघून भरायचं होतं: पायात काय? मी पाहिलं. अनवाणी. तेही भरलं, आणि उसळीची तिसरी प्लेट मागितली.

खाली ‘कारण’ म्हणून एक रिकामा चौकोन होता. वाटलं तर भरा, असा. बाहेरगावचा कुणी गाढव असता तर त्यानं विचारलं असतं, “बाई, जेवला का नाहीत?” मला विचारायचं काय होतं? मी तिथलाच. त्या गावातल्या प्रत्येक घरी मी तो चौकोन रिकामा सोडला.

शेवटी घराचा एक फोटो काढायचा होता. माझी साळी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, भांडी घासता घासता उठून दारात आली, जुना ड्रेस, हाताला राख.

“भाऊजी, थांबा नं, चांगला ड्रेस घालून येते.”

“नको. नॅचरल पाहिजे. आणि हसू नको.”

ती चिडली. फोटोत तेवढंच आलं.

या साळीचं लग्न सौंसरच्या एका निवृत्त मास्तरांच्या मुलाशी जुळलं होतं. पाहणी झाली होती, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, व्हायचा होता. मुलगा तिला मनापासून आवडला होता. घरच्यांसमोर नाक मुरडायची, पण फोन वाजला की बगीच्यात पळायची. अशा वेळी तिची चिडकी, अनवाणी, राखेच्या हातांची मूर्ती हिंदी पेपरात छापून आली. दिल्लीवाल्यांनी पहिले निष्कर्ष वाटले होते, फोटोसकट. मथळा होता, ‘संतरे मीठे, पेट खाली’. गावाचं नाव होतं, घर ओळखू येत होतं, आणि मजकूर सांगत होता की बगीचेवाल्या घरांतही इथं लोक उपाशी झोपतात, पण लाजेपायी लपवतात.

मास्तरांचा फोन सासऱ्यांना आला तेव्हा मी तिथंच होतो. आवाज बाहेरपर्यंत येत होता.

“तुमी आमाले बगीचा दाखवला. बगीचा तुमचा हाय का दुसऱ्याचा? घरात खायले नाही, अन् आमाले पुरी-बासुंदी वाढून राहिले! फसवता काय आमाले?”

सासऱ्यांनी फोन ठेवला. माझ्याकडे बघून फक्त विचारलं, “हे तुमी लेहलं?”

“मी नाही, टॅबनं…” मी म्हणालो. याहून मूर्ख उत्तर अजून मला सुचलेलं नाही.

मी मॅडमना फोन लावला. उपवास काय असतो ते समजावलं. त्या शांतपणे ऐकत होत्या, मग म्हणाल्या, “भैया, डेटा तो अब बंद हो गया है।” जसं काही ते दुकान होतं आणि मी शटर पडल्यावर साखर मागायला आलो होतो. मी म्हणालो, एका मुलीचं लग्न मोडतंय. त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलं, पुढच्या फेरीत सणांबद्दल एक प्रश्न टाकू. आणि अभिनंदन, तुमचा भाग पोषणाच्या योजनेसाठी पहिल्या यादीत आला आहे. मी पेपरात लिहिणाऱ्यांना, योजना आखणाऱ्यांना आणि त्या मऊ आवाजाला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या बायकोला ऐकू आल्या असाव्यात. ती म्हणाली, “त्यांना कायले देता? भरलं कोनं?”

मग मला अक्कल सुचली. मला अक्कल सुचते तेव्हाच घरच्यांनी मला बांधून ठेवलं पाहिजे.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मी टोपलीभर संत्री घेऊन सौंसरला मास्तरांकडे गेलो. टॅब बरोबर. साळीनं निघताना विचारलं होतं, “नक्की समजावाल नं भाऊजी?” त्या दिवसात तिनं माझ्याशी बोललेलं तेवढंच. मास्तरांच्या घरी बायकांनी महालक्ष्मी मांडली होती, मास्तरीणबाईंचा उपवास होता. मी मनात टाळी वाजवली. बसलो, पाणी प्यालो, आणि गोड बोलून बाईंना तेच प्रश्न विचारले. आज जेवण सोडलं? सोडलं. धान्य? नाही. शेजारून काही आणलं? पूजेला पाच पानं अन् केळी आणली. पायात काही नाही. मी बटण दाबलं. टॅबवर घराभोवती लाल चौकट आली.

मी तो मास्तरांच्या नाकासमोर धरला. “पाहा! तुमचं घरही उपाशी निघालं. आता सांगा!”

मास्तरांनी चष्मा वर करून एकेक उत्तर वाचलं. त्यांना पटलं होतं, मी शपथेवर सांगतो. गणित त्यांना कळत होतं. कोपऱ्यात बसलेला मुलगा तर हसलासुद्धा.

पण बाई उठल्या.

“लक्ष्मी मांडली आहे घरात,” त्या म्हणाल्या, “अन् तुमी तिच्यासमोर बसून आमाले भिकारी ठरवून राहिले?”

“बाई, मी तेच तर म्हणतो, की हे खोटं…”

“तिकडं तुमच्या लोकांचं तोंड पेपरात आलं म्हून आमचंही आनायचं आहे काय? फोटो काढता? काढा नं! माह्या पायाचा काढा!”

मास्तर म्हणाले, “अगं, ते समजावून राहिले…”

“तुमी चूप बसा. ज्या घरचा जवाई असा, त्या घरची पोरगी मले नको.”

मुलगा खाली बघत राहिला. संत्र्यांची टोपली त्यांनी माझ्या मोटारसायकलच्या सीटवर आणून ठेवली, तीही बाईंनीच.

घरी सगळं सांगितलं. मास्तरांना पटलं होतं, हे मी दोनदा सांगितलं. साळी ऐकत होती. रडेल असं वाटलं, पण रडली नाही.

“तुमाले ना भाऊजी,” ती म्हणाली, “आपलंच खरं करायचं राहते. माह्या लग्नाचं काय झालं, त्याच्याशी काही देनंघेनं नाही.” आणि वर, “माहं लग्न कधी झालं तं तुम्ही येऊ नका.”

मला वाटलं, राग आहे, उतरेल. सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, “जवाई, पानी घ्या.”

पुढच्या वर्षी तिचं लग्न मोहगावच्या एका घरी झालं. मुलगा बरा आहे म्हणतात. तिला आवडला का, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पत्रिका बायकोच्या नावानं आली.

बायकोला मांडवाच्या तोंडाशी सोडलं. गाडी बंद केली नाही. स्पीकरवर मंगलाष्टकं सुरू व्हायची होती, आत साळी पिवळ्या शालूत पाठमोरी दिसत होती. नवरदेवाकडचा एक म्हातारा, मला न ओळखणारा, हात जोडत पुढं आला.

“उतरा नं पाहुणे. जेवून जा.”

“जेवूनच निघालो घरून,” मी म्हणालो, आणि गाडी वळवली.