वाफ्यावरची आंघोळ

बजाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा, गिरणीच्या पहिल्या भोंग्याआधी. चूल नंतर. आधी चिमणी पायाशी धरून ती जोडवी बघायची. रात्री राखेनं घासलेली चांदी पहाटे काळी दिसली, की समजायचं, गॅस वस्तीत उतरला.

वस्ती सोलापुरातल्या एका पंपहाऊसच्या मागे. गटारांचं पाणी तिथल्या विहिरीत पडायचं. वर येणारा गॅस कुजक्या अंड्यांसारखा घाण मारायचा, पोरं ओकायची. पालिकेला त्यावर एकच उपाय सुचला होता : वस्ती उठवायची. बजाबाईची खोली तिनं स्वतः डोक्यावरून वाहून आणलेल्या दगडांची होती. ती कुठं उठणार?

मग एका तरुण इंजिनिअरनं वाफा केला. विटांच्या दोन बुटक्या भिंती, मध्ये खडी, वर माती, कुजलेलं शेणखत आणि लाकडाचा भुसा. पंखा विहिरीतला गॅस खडीत ढकलायचा. मातीतून वर येईपर्यंत त्याचा वास गेलेला असायचा. वस्ती उठवायची नोटीस मागे पडली. बजाबाईला रोजंदारीवर ठेवताना इंजिनिअर म्हणाला, "बाई, या मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. नाना जातींचं गावच आहे म्हणा. गॅस हेच त्यांचं जेवण. ओल तुटू द्यायची नाही आणि माती तुडवायची नाही."

"सुट्टी कदी घेत्यात?"

"घेतच नाहीत."

"मग माज्यासारकीच हायती."

काम दिसायला सोपं होतं. वाफ्यात पाय न टाकता, भिंतीवर उकिडवं बसून, हात लांबवून माती सैल करायची. दुपारपर्यंत कंबर सरळ व्हायची नाही. मग बादल्यांनी पाणी, धार न धरता, शिंपडून.

त्र्याहत्तरच्या दुष्काळी उन्हाळ्यात पाणी टँकरवर आलं. इंजिनिअरची बदली झाली होती. पंपहाऊसचा मुकादम रुद्रप्पा यानं वाफ्याच्या नळाला कुलूप ठोकलं.

"माणसाला प्यायला पाणी न्हाय, आन् तू मातीला पाजतीस?"

"माती मेली तर वस्ती उटवताल की."

"मग उटा!"

वाफा वाळला, भेगाळला. भेगांतून गॅस सरळ वर येऊ लागला. जोडवी काळी. रुद्रप्पा नव्या नोटिशीची भाषा बोलू लागला.

बजाबाईनं एक फळी आणली, दोन भिंतींवर आडवी टाकली आणि वस्तीला सांगितलं, "आंगुळ हितं करायची. साबण न्हाय, सोडा न्हाय. वजरीच्या दगडानं आंग घासा. फळी रोज मी सरकवीन."

शेजारीण गुरम्मा कडाडली. "अय्यो बजाक्का, आमचं आंगुळीचं पाणीबी तुला पायजे? त्यावर माझी तुळस जगती."

"तुळस कुंडीत जाईल तुज्यासंगं. खोली कशात घालून नेतीस?"

गुरम्मा पाय आपटत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला, ईरप्पाला, टमरेल देऊन फळीवर पाठवलं. बायकांनी मात्र आपलं पाणी न्हाणीतून बादलीत धरून आणलं.

आठवडा गेला. जोडवी काळीच. माणसं कुरकुरली, काही यायची थांबली. पाण्यानं जीव परत उठतात की नाही, बजाबाईला माहीत नव्हतं. ती माती सैल करत राहिली, भेगा हातानं चोळून बुजवत राहिली. ज्यांनी पाणी दिलं नाही त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. शिव्या ऐकल्या, पाणी घेऊनच हलली.

मग एका पहाटे जोडवी राखाडी दिसली. आणखी काही दिवसांनी पांढरी.

त्याच सकाळी रुद्रप्पा पालिकेच्या साहेबाला घेऊन आला. हातात नोटीस. फळीवर लंगोटातला ईरप्पा, पाठीला वजरी लावत.

"सरकारी वाफ्यात आंगुळ?" रुद्रप्पा ओरडला.

"पाणी आमच्या वाट्याचं हाय," बजाबाई भिंतीवरूनच म्हणाली. "पालिकेचं तांब्याभर न्हाय."

साहेबानं वाकून वाफ्याला नाक लावलं. "वास येतो का हो?"

"माजा का वाफ्याचा?" ईरप्पानं विचारलं.

साहेब हसला. बजाबाई हसली नाही.

"हसू नका, सायेब. वास न्हाय तर नोटीस कशाची? परत न्या ती. आमी उटत न्हाय."

साहेबानं पुन्हा एकदा वाफ्यावर वाकून बघितलं. मग रुद्रप्पाच्या हातून नोटीस घेतली, घडी घातली आणि खिशात टाकली.

"आणि फळी?" रुद्रप्पानं विचारलं.

"पाऊस पडेपर्यंत राहू दे," साहेब म्हणाला.

पावसानं नळ सुरू झाले, कुलूप निघालं. बजाबाई वाफ्यावर राबतच राहिली. त्या रोजंदारीतून साठवून तिनं जुन्या बाजारातून गजांची एक सागवानी खिडकी आणली. वासामुळं वस्तीत पंपहाऊसच्या बाजूला कुणाच्याच भिंतीला भोक नव्हतं. गवंडी ज्ञानूनं नेहमीसारखी रस्त्याकडची भिंत आखायला घेतली.

"तिकडं न्हाय," बजाबाई म्हणाली. "पंपहाऊसकडं काड."