येळवशीला कापलेला घास

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्या सुमाराला माझं लग्न झालं. तेरच्या माहेराहून मी लसूणघासाचं बी पदरात बांधून आणलं होतं. सासरी, येडशीकडच्या माळावर, घास कुणी लावत नसे, जनावरं कडब्यावर. सासऱ्यांनी विहिरीजवळचे पाच गुंठे दिले, तेही हसत. एकदा पेरला की तीन-चार वर्षं कापत राहायचं, ही त्यांना थापच वाटली. पण गाईचं दूध वाढलं आणि हसणं थांबलं.

दुसऱ्या वर्षी येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडे सगळं घर शेतात जेवायला जातं, पाहुणे गाड्या जुंपून येतात. माणसांना आंबील, भज्जी, उंडे. आणि बैलांना? "पाव्हण्यांच्या बैलांम्होरं कडबा टाकू व्हय?" असं म्हणून सासऱ्यांनी माझा सगळा घास पार जमिनीसपाट कापला. मी पंगतीत वाढत होते. कळलं तेव्हा बैल रवंथ करत होते. दिलदारी त्यांची, घास माझा. तेव्हा राग आला तो मी गिळला, याचा मला आजही राग येतो.

त्याच आठवड्यात थंडीचा कडाका पडला. सकाळी माती हाताला चटका देई. पांघरायला पाला न उरलेली घासाची खुंटं काळी पडली. महिना होत आला तरी एक पान फुटेना.

एके दिवशी सासरे नांगर घेऊन आले. "मेलाय त्यो. कांदा लावू."

मी वाफ्यात जाऊन उभी राहिले. सुनेनं असं उभं राहायचं नसतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

"नांगर न्हाय चालायचा, मामा."

"येडी झालीस का? थंडीनं जळलंय समदं."

"वरचं जळलंय. खालचं बघा तरी."

खुरप्यानं मी एक मूळ वीतभर उकरलं, नखानं त्याची साल काढली. आत पांढरं, टणक, ओलं. मेलेलं मूळ तपकिरी आणि मऊ पडतं, हे माझ्या वडिलांनी मला लहानपणीच दाखवलं होतं. सासऱ्यांनी ते दोन बोटांत दाबून पाहिलं, वास घेतला.

"शिवरात्रीपतूर थांबतो. न्हाय फुटलं तर?"

"तर मीच कांदा लावीन."

शिवरात्रीच्या आधीच थंडी ओसरली आणि त्या काळ्या खुंटांच्या बुडातून हिरवे कोंब निघाले. पुढं घास गुडघ्याला लागला. कापणीला सासरे स्वतः विळा घेऊन आले आणि सवयीनं त्यांनी तो बुडाशी टेकवला.

"चार बोटं वर धरा, मामा," मी म्हणाले. डोक्यावर पदर होता, पण मान खाली नव्हती. बांधावर शेजारचे दोघं ऐकत उभे होते. सासऱ्यांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग विळा चार बोटं वर धरला आणि कापायला लागले.