लक्ष्या, मामा आणि ताटातला गूळ

लक्ष्या मोठा की अशोकमामा?

थांबा. लगेच तोंड उघडू नका. तुम्ही चहा पिता पिता या प्रश्नाचं उत्तर देता, टाळ्या देता आणि घरी जाता. तुमचं काही जात नाही. डोंगरकडा गावाजवळच्या आमच्या बंजारा तांड्यावर याच प्रश्नापायी देविदास राठोडच्या पोरीची सोयरीक ताटात अडकली. ताटात म्हणजे खरोखरच्या ताटात. गुळाच्या.

आधी देविदास कोण ते सांगतो. हळदीच्या दिवसांत तो कुकर घेऊन पार कुरुंद्यापर्यंत फिरतो. कुकर म्हणजे तुमच्या ओट्यावरचा नव्हे. ट्रॅक्टरमागं ओढत न्यायच्या लोखंडी टाक्या, त्यात वाफेवर हळद शिजते. हळद शिजेपर्यंत हाताला काम नसतं, तेवढ्यात देविदास बायांना लक्ष्या करून दाखवतो. बाकीचं वर्ष तो रिक्षाला भोंगा बांधून पुकारा करतो. जत्रेचा, फवारणीच्या औषधाचा, निवडणुकीचा आणि आमच्या मोर्चांचा. सगळं लक्ष्याच्या आवाजात. पाण्याच्या मोर्चाला लोक मागण्या वाचून येत नाहीत, भोंग्यातून लक्ष्या कळवळून ओरडला म्हणून येतात. मागण्या मी लिहितो. तरी ते मला मान्य आहे.

हे खूळ लहानपणीचं. आई-बाप ऊसतोडीला जायचे, लेकरू संगं. कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, एकदा कुणीतरी व्हिडिओ लावला. सबंध हंगामात न हसलेला बाप लक्ष्या पडला तेव्हा हसला. दुसऱ्या दिवशी देविदास उसाच्या गाडीवरून तसाच पडला. बाप पुन्हा हसला. आपल्याला जन्मभर काय करायचं ते पोराला त्या दिवशी कळलं. दात पडला तो वेगळा.

लक्ष्या गेला तेव्हा देविदासनं डोकं भादरून घेतलं. घरात कुणी वारलं का म्हणून लोक विचारायला आले. तो म्हणाला, "व्हय."

आता दुसरा माणूस. भावसिंग पवार, पलीकडच्या तांड्यावरचा, एसटीचा रिटायर कंडक्टर. त्याचा देव अशोकमामा. भावसिंगच्या तोंडावरची रेघ हलत नाही. "पुढं सरका, मागं काय माहेर हाय का?" एवढं तो म्हणायचा आणि सगळी गाडी हसत पुढं सरकायची. तो स्वतः कधी हसल्याचं डेपोत कुणी पाहिलेलं नाही.

भावसिंगच्या दिपकचं डोंगरकड्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. देविदासची पुजा कळमनुरीत एका दवाखान्यात नर्स आहे. पुजाचा मोबाईल वरचेवर फुटायला लागला तेव्हा तिची याडी, म्हणजे आई, मिराबाई म्हणाली, "चांगला फोन इतक्या वेळा फुटत नसतो. पोराचं नाव सांग." पुजानं सांगितलं. राठोड आणि पवार, गोत जुळत होतं. दोन्ही घरं खुश होती. राहिला होता फक्त गूळ.

आमच्यात दोन्हीकडची माणसं बसवून, तांड्याच्या प्रमुखासमोर, म्हणजे नायकासमोर, आणि पंचांसमोर गूळ वाटतात. गूळ खाल्ला की सोयरीक पक्की. आमच्या तांड्याचा रिवाज असा की, वाटायच्या आधी नायक विचारतो, "कुणाची हरकत?" त्यानंतर गूळ तोंडात पडेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं. मधी जो बोलंल त्याचं बोलणं हरकत धरतात, आणि हरकत मिटल्याशिवाय गूळ हलत नाही. म्हाताऱ्या खोकला आला तरी तोंडात पदर कोंबतात.

त्या सकाळी लिंबाखाली सगळे बसले. नरसिंग नायकानं विचारलं, "कुणाची हरकत?" सगळे चूप. मिराबाईनं गुळाचं ताट पुढं सरकवलं. वातावरण फारच गंभीर झालं म्हणून की काय, पाण्याचा तांब्या घेऊन येणारा देविदास सवयीनं लक्ष्यासारखा अडखळला, डोळे मोठे केले आणि सतरंजीवर पडला. तोंडातून शब्द काढला नाही. पडणं हरकतीत बसत नाही.

भावसिंग मात्र बोलला. "पडता येणं म्हंजे नट न्हाई. अशोकमामाला बघा."

लिंबावरचा कावळा तेवढा काव काव करत राहिला.

"भावसिंग," नायक म्हणाला, "ही हरकत झाली."

"हरकत कशी? मी सिनेमावर बोललो."

"कशावर बोलायचं ते रिवाजात न्हाई. बोलायचं न्हाई, एवढंच हाय."

अशा रीतीनं आमच्या तांड्याच्या बैठकीत दोन नटांची रीतसर सुनावणी सुरू झाली. घरात आम्ही गोरमाटी बोलतो, पण दोन्ही नट मराठी, म्हणून भांडणही मराठीत झालं.

भावसिंगनं उभं राहून बाजू मांडली. "मामानं बँकेची नोकरी सांभाळून नाटकं केली. नोकरी! हसवलं, रडवलं, व्हिलन झाला, टीव्हीवर हिंदीत गाजला. एक भुवई उचलली की थेटर खलास. महाराष्ट्र भूषण भेटलं, पद्मश्री भेटली. तुमचा लक्ष्या हिंदीत गेला अन् काय झाला? हिरोचा नोकर."

हे देविदासला लागलं. तो सतरंजीवर बसल्या बसल्याच होणाऱ्या व्याह्याला म्हणाला, "इवाई, नोकर झाला पण बघणारे हिरोला सोडून नोकराकडं बघून राहिले होते ना? मामा हसवायच्या आधी इचार करतो, ते दिसतं. लक्ष्या इचार करायला थांबलाच न्हाई. लोकाला वाटलं, हा आपल्याच घरचा येडा हाय. हे काय सोपं हाय का?"

"घरचा येडा घरीच ठेवतात."

"आन् तुमी पद्मश्री काहून सांगून राहिले? मामाला टाईम भेटला. लक्ष्या पन्नाशीत गेला. म्हातारपणीचं काम करायला तो राहिलाच न्हाई, त्याचे मार्क कसे काय कापता?"

 भावसिंगनं टोपी सारखी केली.

तेवढ्यात पुजा चहा घेऊन बाहेर आली. चहा कुणालाच दिला नाही. "बापू, तुमचं आन् मामंजीचं लगीन न्हाई लागून राहिलं. आमचं हाय. मिटवता का मी आत जाऊ?"

"अजून मामंजी झाले न्हाईत," नायक म्हणाला. "गूळ राहिलाय."

दिपक एका कडेला मान खाली घालून स्वतःच्या बुटाकडं बघत होता. त्याला दोन्ही नट आवडतात, हे त्यानं मला नंतर सांगितलं. तिथं सांगितलं असतं तर तीही हरकत झाली असती.

नायकाची अडचण वेगळीच होती. त्यानं दोघांचाही सिनेमा पाहिलेला नव्हता. त्यानं मला विचारलं, "तू भाषणं करतोस, तू सांग." मी साहेबाच्या टेबलावर हात आपटणारा माणूस. मी पाणी प्यालो.

"मंग करून दाखवा," नायक म्हणाला. "दोघंबी."

देविदास उठला आणि पुन्हा पडला. कुणी हसलं नाही. तांड्यानं ते हजारदा पाहिलेलं होतं. भावसिंगनं एक भुवई उचलून धरली. कमलबाई नावाची त्याची बहीण घाबरून म्हणाली, "दादा, गोळी घेतली का न्हाई?"

पंच निराश झाले. देविदास ओशाळून उठायला लागला, तर मघाच्या सांडलेल्या पाण्यावर त्याचा पाय सटकला. आता खरंच. तो हात फिरवत सरळ गुळाच्या ताटावर चालला. भावसिंग बसला होता तसाच. तोंडावरची रेघ हलली नाही. एका हातानं त्यानं ताट अलगद उचलून बाजूला धरलं. देविदास मोकळ्या जागी आदळला. भावसिंगनं ताट पुन्हा खाली ठेवलं, नेमकं देविदासच्या पाठीवर, आणि डेपोतल्या आवाजात म्हणाला, "पुढं सरका."

हसू फुटलं ते आवरेना. बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. नायकाचा पटका सुटून गळ्यात आला. पुजा आणि दिपक एकमेकांकडं बघून हसले, आणि ते सगळ्यांना दिसलं.

पाठीवर ताट असल्यामुळं देविदासला हलता येईना. तो जमिनीकडं तोंड करूनच म्हणाला, "इवाई, ताट तुमी उचललं म्हणून जमलं."

"तुमी पडले म्हणून उचललं," भावसिंग म्हणाला.

"मंग मोठा कोण?" नायकानं डोळे पुसत विचारलं.

"लक्ष्या," देविदास म्हणाला.

"मामा," भावसिंग म्हणाला.

मिराबाईनं कपाळाला हात लावला. पण नरसिंग नायक कच्चा माणूस नाही. तो म्हणाला, "ही हरकत माझ्यानं मिटत न्हाई. म्हणून निजवतो. लगीन लागेपर्यंत दोघांनी दोन्ही नटांचं नाव काढायचं न्हाई, आवाज काढायचा न्हाई. जो काढंल त्यानं हरकत उठवली, मंग आजचा गूळ खाल्ला न्हाई असं धरायचं. कबूल?"

भावसिंगनं मान हलवून कबूल केलं. पण लक्ष्याचा आवाज सोडायचा म्हणजे देविदासचं अर्धं तोंड बंद. पुजा त्याच्यासमोर येऊन बसली.  त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग पाठीवरचं ताट सांभाळत मागं हात नेऊन गुळाचा खडा उचलला आणि तोंडात टाकला. "कबूल," तो म्हणाला. गुळामुळं नीट ऐकू आलं नाही, पण पंचांनी धरलं.

लग्न हळद शिजून वाळून झाली की आहे. तोवर देविदास स्वतःच्या आवाजात पुकारा करतो. त्याचा स्वतःचा आवाज ग्रामपंचायतीच्या सूचनेसारखा आहे. परवाच्या मोर्चाला मी होतो, माझा भाऊ होता, आणि बंदोबस्ताचे पोलीस आमच्यापेक्षा जास्त होते. मी चिडलो नाही असं म्हणणार नाही. पण पोरीचं लग्न आहे.

धोका आता बाहेरच्यांचा आहे. कुरुंद्याला, डोंगरकड्याला, कुकरपाशी, चहाच्या टपरीवर कुणीतरी देविदासला हटकतं, "काय मंग, लक्ष्या का मामा?" तो ओठ घट्ट मिटतो, मान फिरवतो, मानेच्या शिरा फुगतात. त्याला उत्तर येतं. अडचण तीच आहे.

म्हणून सांगतो, इकडं आलात आणि रिक्षात भोंग्याखाली ओठ मिटून बसलेला माणूस दिसला, तर त्याला राम राम घाला, हळदीचा भाव विचारा, पोरीचं लग्न कधी ते विचारा. पण तो एक प्रश्न तेवढा लग्न लागेपर्यंत विचारू नका.