भूक कोणत्या वारी लागली

नर्मदाबाईच्या हातची भाकरी खाल्ली की पोरगं मॅट्रिकला नापास होतं, अशी आवई आमच्या गल्लीतून निघाली आणि बैलगाड्यांत बसून पार झरी, चारठाण्यापर्यंत फिरून आली. कुणी म्हणे, तिच्या अंबाडीच्या भाजीतच काहीतरी असतं. कुणी म्हणे, आमटीत घालायच्या येसरात भानामती आहे, ती अक्कल जड करते. झरीच्या एका शहाण्या बापानं तर पोराला परभणीला धाडताना शपथ घातली, की उपाशी राहा, पण त्या बाईच्या पंगतीला बसू नको. पोरगं शब्दाचं पक्कं. बसलं नाही. तरीही नापास झालं, आणि मग कुठं जायचं म्हणून नर्मदाबाईकडेच आलं.

तर खरी गोष्ट अशी. तिच्याकडे जेवून पोरं नापास होत नव्हती. नापास झालेली पोरं तिच्याकडे जेवायला येत होती. दवाखान्याच्या ओट्यावर आजारी माणसं दिसतात म्हणून ओट्यानं ताप येतो असं कुणी म्हणत नाही. पण गल्लीला एवढा विचार करायला सवड नसते, आणि आवई भाजीपेक्षा चवदार होती. माझं घर तिच्या समोर, आणि घरातच कंदिलाच्या काचांचं दुकान. दिवसभर काच पुसायची आणि काचेतून समोर बघायचं. त्यामुळं मला बरंच ठाऊक असतं, न विचारता.

नर्मदाबाई चारठाण्याकडची, मेंढरांच्या घरातली. नवरा उमाजी इथल्या जिनिंगमध्ये कापसाची गठाणं उचलायचा. तो तापानं गेला तेव्हा पोरगा सुग्रीव रांगत होता. दीर न्यायला आले, तर ही म्हणाली, तिकडं मेंढरामागं चालायचं, इकडं चुलीपुढं बसायचं, बसलेलं बरं. आणि राहिली. बसणं मात्र तिच्या वाट्याला कधी आलं नाही. आधी जिनिंगच्या हमालांना भाकरी, मग शाळेच्या पोरांना. पहाटेपासून चुलीत कापसाची पऱ्हाटी धुमसायची, बाईचे डोळे बारा महिने लालबुंद. पोरं जेवून उठली की उरलीसुरली निवलेली भाकरी हातावर घ्यायची, दाराशी उभं राहायचं आणि रस्त्याकडे बघत चावायची. मी विचारायचो, वैनी, बसून खाल्लं तर भाकरीचं पीठ होतं का? ती म्हणायची, बसले तर उठवंना, भावजी.

आता एवढे नापास आले कुठून, ते ऐका. पोलीस ॲक्शन झालं, निजामी गेली, तिच्यामागं शाळेतली उर्दूही गेली. सातवीपर्यंत जुगराफिया शिकलेली पोरं एकदम भूगोलात येऊन पडली. मास्तरांची गत निराळी नव्हती. एक मास्तर फळ्यावर मराठी लिहायला उभे राहिले की सवयीनं उजव्या कोपऱ्याकडे जायचे, तिथं थोडं थांबायचे, आणि खांदे पाडून डावीकडे चालत यायचे. निकालाच्या दिवशी गल्लीत मयतीसारखी शांतता असायची. पुढं पोरं मराठीत रुळली, तरी नापास होणं काही गेलं नाही. इंग्रजी होतीच.

खानावळीची रीत अशी, की बापानं गावाकडून ज्वारीचं पोतं आणून टाकायचं. पोरगं नापास झालं की पोतं थांबायचं. बाप म्हणायचा, लय झालं, घरी चल, औत धर. पोरगं म्हणायचं, ऑक्टोबरला पुन्हा बसतो. एका खेपेला नर्मदाबाई पदरचं पीठ घालून त्याला जेवू घालायची. दुसऱ्यांदा आपटलं की मात्र ताट बंद आणि वार सुरू.

वार लावून जेवायची चाल तिची नव्हे. ती पेठेतल्या बामणघरांची: गरीब विद्यार्थ्यानं सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. मेंढरामागून आलेल्या पोरांना तिथं कोण वार देणार? नर्मदाबाईनं ती चाल उचलली आणि तिचं तोंड बाजाराकडे फिरवलं. तिनं वार मागितले ते धंदेवाल्यांकडे. सोमवार चंद्रभान शिंप्याचा. मंगळवार दवाखान्यातले कंपाउंडर दिनकरराव. बुधवार सायकलवाला भुजंग. पुढं छापखाना, गुरांचा दवाखाना, स्टेशनवरचा पार्सलवाला. अट एवढीच, की ज्याचा वार त्याच्याकडे पोरानं दिवसभर राबायचं आणि तिथंच जेवायचं. मजुरी नाही. रविवार तेवढा तिच्या घरचा. दोनेक महिने पोरगं असं गावभर फिरलं, की एखाद्या रविवारी भाकरी थापता थापता ती विचारायची, "भूक लय कोणत्या वारी लागली?"

काय आवडलं, असं तिनं कुणालाच विचारलं नाही. आवडीचं पोरं खोटं सांगतात. बापाला आवडेल ते सांगतात, ज्या कामात डोक्यावरची टोपी चांगली दिसेल ते सांगतात. पण जिथं जीव ओतून राबलं तिथंच भूक लागते, आणि भुकेचं सहसा खोटं सांगत नाहीत.

अंगद नावाचं झरीचं पोरगं होतं. हो, तेच, शपथवालं. दुसऱ्यांदा आपटल्यावर आणखी एकदा बसू द्या म्हणून पंगतीत रडलं. नर्मदाबाईनं त्याच्यापुढं ताट ठेवलं ते रिकामं. मग ते वारांवर फिरलं, आणि विचारल्यावर म्हणालं, "बुधवारी, मावशी. भुजंगकाकांची बायको वाढून वाढून रडकुंडीला येती." झालं. दुसऱ्या दिवसापासून ते भुजंगकडे कायमचं गेलं. आता जिंतूरच्या रस्त्याला त्याचं स्वतःचं सायकलचं दुकान आहे, आणि बाप गावात सांगतो की शपथ मोडली म्हणून पोराचं कल्याण झालं. गल्लीतली कोकिळा नापास झाली तेव्हा तिच्या घरच्यांनी स्थळं बघायला घेतली; नर्मदाबाई तिचा मंगळवार दवाखान्यातल्या नर्सबाईकडे लावून आली. कोकिळा आज नर्सच्या शिक्षणाला आहे. स्थळं अजून येतात म्हणे, पण आता तीच त्यांना बघते.

हे सगळं दुसऱ्यांच्या पोरांचं. आपल्या पोराचं तिनं वेगळंच ठरवलं होतं, आणि ते गल्लीला पाठ होतं. सुग्रीव मॅट्रिक होणार, तहसिलीत चिकटणार, आणि ज्या दिवशी नेमणुकीचा हुकूम हातात येईल त्या दिवशी ती चुलीवर घागरभर पाणी ओतणार. चूल बंद, धूर बंद, खानावळ बंद. पंगतीतली पोरं म्हणायची, मावशी, मग आमी कुठं जेवायचं? ती म्हणायची, पास व्हा अन् बायकोच्या हातचं खा. सुग्रीवला ती चुलीकडे फिरकू द्यायची नाही. त्याच्या कंदिलाच्या काचेला बारीक तडा गेला तरी ती माझ्या दुकानात हजर. दुसऱ्या कुठल्याच वस्तूवर ती बाई एवढी निवडानिवड करत नसे.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात सुग्रीव बसला, आणि आपटला. इंग्रजीत. नर्मदाबाईनं पंगत वाढली, कुणाकडे पाहिलं नाही. ऑक्टोबरला पुन्हा बसवलं, पुन्हा आपटला. आता तिच्याच कायद्यानं वार लागायला हवे होते. तर म्हणाली, पेपरात त्याला ताप होता. आम्ही समोर राहतो. ताप आम्हाला दिसला नव्हता. मी आपलं म्हणून घेतलं, वैनी, तुमचे वार काय मेंढरू आपलं की परकं ते बघून लागतात? तिनं काच त्या दिवशी दुसऱ्या दुकानातून नेली.

तिसऱ्या खेपेचा निकाल लागला तेव्हा अंगद भेटायला आला होता. सुग्रीव पुन्हा आपटल्याचं त्याला तिच्याच दारात कळलं. अंगद काही वाईट मनाचा नाही, पण रिकामं ताट त्याच्या ध्यानात होतं. हळूच म्हणाला, "मावशी, मला तिसऱ्यांदा बसू दिलं न्हाई तुमी." ती म्हणाली, "पाणी पी." तो पाणी प्यायला आणि गेला.

सोमवारी सकाळी ती सुग्रीवला घेऊन स्वतः निघाली. पदर डोक्यावरून इतका पुढं, की वाट दिसत होती की नाही कोण जाणे. चंद्रभान शिंप्यानं मशीन थांबवून विचारलं, घरचं गिऱ्हाईक आणलं का बाई? ती म्हणाली, बाकीच्यांसारखंच राबव, अन् परत फिरली.

पुढच्या महिन्या-दीड महिन्यात गल्लीला बोलायला विषय कमी पडला नाही. शिंप्याकडे सुग्रीव काजं करता करता झोपला. दिनकररावांकडे बाटल्या चांगल्या भरल्या, पण खोकल्याचं औषध चाखून म्हणाला, ह्याच्यात काहीतरी कमी हाय. भुजंगकडे पंक्चर काढायला बसवलं, तर आतल्या चुलीकडे बघून भुजंगच्या बायकोला सांगायला लागला, की तवा लय तापलाय, भाकरी करपायलीय. भुजंग माझ्याकडे येऊन म्हणाला, ह्याला नोकरी लावावी की सासरी धाडावं?

अशात एका रविवारी उकळतं वरण नर्मदाबाईच्या पायावर सांडलं. बाईला चुलीपुढं बसता येईना. पोरं पंगतीला येऊन बसलेली, काठवटीत पीठ तसंच. सुग्रीव उठला, हात धुतले आणि काठवटीशी बसला. बाजेवरून ती म्हणाली, ऊठ तिथून, ते तुझं काम न्हाई. तो उठला नाही. मी कंदिलाची काच बसवायच्या निमित्तानं तिथंच होतो. भाकरी अशी टम्म फुगली, की पोरं सगळी एकदम मागायला लागली. कुणी भानामतीचं नावही काढलं नाही. नर्मदाबाईनं भिंतीकडे तोंड केलं.

पाय बरा झाला तरी रविवारी काठवट सुग्रीवकडेच राहिली. ती रोज ओरडायची, तो रोज ऐकायचा आणि रविवारी बसायचा. दोन महिने झाले, अडीच झाले. तिचा तो सवाल काही येईना. एवढ्या पोरांना विचारलं, पण ह्याला विचारायची तिला भीती वाटत होती, कारण उत्तर तिच्या डोळ्यांसमोर भाकरी थापत होतं. शेवटी एका रविवारी, आवाज जणू दुसऱ्याच कुणाचा आहे असा, तिनं विचारलं.

"भूक लय कोणत्या वारी लागली?"

सुग्रीवनं तव्यावरची भाकरी उलटली. "रविवारी."

"रविवार वारात धरत न्हाईत."

"मग दुसरं सांगायला न्हाई, आई."

ती म्हणाली, "म्या धूर खाल्ला तो तुला धुरात बसवायला न्हाई." जाळ मंदावला होता, तिच्या हातातली फुंकणी त्यानं काढून घेतली आणि फुंकर घातली.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलेना. पंगत व्हायची, पोरं जेवायची, मायलेकांत शब्द नाही. गल्लीत दोन तट पडले. एक म्हणे, बाप्याच्या जातीनं भाकरी थापायची म्हणजे शोभा आहे का? दुसरा म्हणे, लग्नाच्या पंगतीतला आचारी काय बाई असतो? मी दोन्हीकडे बसत होतो.

मग एका रविवारी दुपारी ती माठापाशी गेली, भरलेली घागर कंबरेवर घेतली आणि चुलीपुढं येऊन उभी राहिली. दारातून मला स्वच्छ दिसत होतं. पंगत अर्धी झालेली. सुग्रीव तव्यापुढं घामाघूम. पोरांचे हात ताटातच थांबले. त्या घागरीची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. सुग्रीवनं वर पाहिलं. जाळात हात घालून एक पऱ्हाटी मागं ओढली, म्हणजे पाणी पडलं तर निखारे तिच्या पायावर उडू नयेत, एवढंच.

ती बराच वेळ उभी होती. घागर जड असते. मग तिनं ती खाली ठेवली, जमिनीवर, चुलीपासून लांब. कंबरेला हात लावून वळली, आणि पंगतीच्या टोकाला एक पाट रिकामा होता त्याच्यावर बसली. अशी बसली, जसं कुणी ओझं टाकतं. सुग्रीवनं तिच्यापुढं ताट ठेवलं, पिठलं वाढलं, आणि तव्यावरची भाकरी सरळ तिच्या ताटात टाकली. तिनं मोडली, बोटं पोळली, बोटांवर फुंकर घातली, पुन्हा मोडली.

शहाण्या माणसानं अशा वेळी आपल्या दुकानात बसावं. मी रस्ता ओलांडून दारात जाऊन उभा राहिलो.

"वैनी," म्हटलं, "गावच्या नापासांना चुलीपासून लांब लांब धाडलं, अन् घरचा नापास चुलीशीच ठेवला. अन् पाणी ओतायचं राहिलंच की."

तिनं मान वर केली नाही. घास तोंडात होता, तो आधी गिळला.

"राहू द्या, भावजी. लय वर्सांनी बसून ऊन भाकरी खायलेय. तुमचं मागून ऐकते."