आईनं नागपूरच्या हॉलमध्ये विचारलेला प्रश्न

गोंदिया स्टेशनवर सिकंदराबादची गाडी त्या सकाळी नेमकी वेळेवर आली. नेहमीसारखी उशिरा येईल आणि तेवढ्यात बोलायचं राहिलेलं बोलून होईल, असं आम्ही धरून चाललो होतो. बाबांनी माझी बॅग बाकाखाली सरकवली आणि खाली उतरून उभे राहिले. मामा पाण्याची बाटली आणायला पळाला. आई मात्र डब्यात चढून माझ्यासमोर बसली, जणू प्रवासाला तीच निघाली होती.

शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला विचारलं, "कहाँ जा रही है बिटिया?"

"हवाई जहाज सीखने," आई म्हणाली.

"अच्छा, एयर होस्टेस."

"नहीं. चलाने का."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि सरकून मला खिडकीची जागा दिली.

गाडी हलायच्या आधी आई उतरली. खिडकीच्या गजांतून तिनं लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचा डबा आत दिला. माझे डोळे भरलेले पाहून म्हणाली, "रडून नको राहू. शिकायले जाऊन राहिली, सासरी नाही." एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं आणि समोरच्या रिकाम्या रुळांकडे बघत राहिली. तिचे खांदे हलत होते, ते मला दिसत होतं. गाडी फलाट सोडून गेली तरी तिनं वळून पाहिलं नाही.

आमच्या गावात, दवनीवाड्यात, तेव्हा सगळ्यांना एकच कोडं पडलं होतं. आमच्यापासून जवळच बिरसीला विमानतळ आहे, विमान चालवायला शिकवणारी शाळा आहे. केरळपासून आसामपर्यंतची पोरं तिथं शिकायला येतात, आणि त्याच भागातली पोरगी घर सोडून हैदराबादला निघाली. "घराजवळ शाळा असून तू तिकडं कायले जाऊन राहिली?" हे मला किती जणांनी विचारलं, ते आठवत नाही. मी सांगत असे की शाळेत आधी आपण आपल्या जबाबदारीवर शिकायचं आणि मग नोकरी शोधायची. कॅडेट प्रोग्राममध्ये विमान कंपनी आधी निवडते, शिकवते आणि मग आपल्याच विमानात बसवते. बदल्यात काही वर्षं तिच्याकडेच काम करायचं. ऐकणाऱ्यांच्या माना हलत, पण पटत नसे. खरं उत्तर आईचं होतं, आणि ते सांगायला मोठी गोष्ट सांगावी लागते.

आई बिरसीला शिकाऊ पायलटांचा स्वयंपाक करायची. पाच-सहा पोरं मिळून एक घर भाड्यानं घेत. आई सकाळच्या काळीपिवळी जीपनं जायची आणि दोन वेळचं रांधून संध्याकाळी परत यायची. बाबा गोंदियात राइस मिलमध्ये कामाला. शाळेला सुट्टी असली की आई मला सोबत न्यायची, भाजी चिरायला. तिथं रिमीदीदी राहायची, सिलचरची शिकाऊ पायलट. आमच्याकडचा भात तिला फार आवडायचा. एकदा ती गणवेशात जेवायला बसली होती, तेव्हा आईनं तिला विचारलं, "पोरी सच में चलाते क्या विमान? अकेले?"

"मैं लड़की ही तो हूँ, मौसी," रिमीदीदी हसून म्हणाली.

"नहीं, अकेले पूछी मैं."

मग रिमीदीदीनं ताट बाजूला सारून आपल्या पहिल्या एकटीच्या उड्डाणाची सगळी हकीकत सांगितली. शेजारची शिकवणाऱ्याची खुर्ची रिकामी पाहून काय वाटलं, उतरल्यावर मित्रांनी डोक्यावर बादलीभर पाणी कसं ओतलं. मी तेव्हा दहावीत होते. संध्याकाळी आम्ही काळीपिवळीनं परतलो. उतरल्यावर तिनं विचारलं, "तुले काय वाटते?" मी म्हटलं, मला वाटून काय होतं. ती म्हणाली, "ते मी नाही इचारलं."

आईचं हे नेहमीचंच. तिला न समजलेली गोष्ट विचारायची लाज कधी वाटली नाही. मला मात्र वाटायची. बारावीला कोणते विषय घ्यायचे, डोळ्याला चष्मा असला तर चालतो का, नापास झालं तर पुन्हा बसता येतं का, हे सगळं तिनं त्या घरातल्या पोरांना विचारून ठेवलं आणि मी गणित-विज्ञान घेतलं. पुढं कॅडेटच्या परीक्षा दिल्या. पहिल्या वर्षी कुठंच झालं नाही. दुसऱ्या वर्षी एका छोट्या प्रादेशिक कंपनीत निवड झाली. लहान शहरांना जोडणारी, दोन पंख्यांची विमानं चालवणारी कंपनी. त्याच सुमारास एका मोठ्या कंपनीच्या शेवटच्या फेरीलाही मी पोचले होते. तिचा निकाल यायचा होता. छोटी कंपनी थांबायला तयार नव्हती.

मामाचं गोंदियात मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे, त्याचं बोलणं अर्धं हिंदीत. तो म्हणाला, "छोटी कंपनी है, दीदी. आज है, कल नहीं. पोरीले जेट उडवू दे." बाबा म्हणाले, "तिचं तिले ठरवू द्या." मला ठरवता येत नव्हतं. मोठ्या कंपनीचं नाव साऱ्या गावाला माहीत होतं, छोटीचं कुणालाच नाही. खरं सांगायचं तर मला ते मोठं नाव हवं होतं.

छोट्या कंपनीनं निवडलेल्या मुलांना आणि पालकांना नागपूरला बोलावलं. हॉटेलचा थंडगार हॉल, पडद्यावर चित्रं, पुढं एक वयस्क महिला कॅप्टन, वर्षा नावाच्या, मूळ सोलापूरच्या. आखूड पांढरे केस, आवाज शांत. त्यांनी सगळं समजावून सांगितलं आणि कुणाला काही विचारायचं आहे का, असं म्हणाल्या. पालकांनी राहण्याचं, जेवणाचं, पगाराचं विचारलं. मग आई उभी राहिली. तिच्या हातात कुणीतरी माईक दिला, तो तिनं नुसताच धरून ठेवला आणि मोकळ्या आवाजात म्हणाली, "बाई, उद्या तुमची कंपनी बंद पडली त माझ्या पोरीचं काय?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मी जमिनीकडे पाहत होते. कॅप्टन वर्षांच्या शेजारचा सूटवाला माणूस काही बोलायला पुढं झाला, पण त्यांनी त्याला हातानं थांबवलं.

"पडू शकते, ताई," त्या म्हणाल्या. "मी आधी ज्या कंपनीत होते, ती बंद पडली. आठ महिने मी घरी होते. ही पडणार नाही असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. पण लायसन मुलीचं असतं, कंपनीचं नाही. आणि छोट्या विमानावर शिकलेला हात कुठंही कामाला येतो. एवढंच खरं आहे, ते सांगते."

"ठीक हाये," आई म्हणाली आणि बसली.

परतीच्या गाडीत मी तिला म्हटलं, एवढ्या लोकांत असं विचारायचं असतं का? ती शेंगा सोलत होती. "मंग कोणाले इचारू? आन् पाह्य, बाई खरं बोलली. खरं बोलणाऱ्याजवळ शिकावं." तिनं सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले. "पण मन तुझं हाये. तुले मोठी पाहिजे असंन त थांब."

भंडारा रोड स्टेशन गेलं, तुमसर रोड गेलं. तोपर्यंत माझं ठरलं होतं. त्या हॉलमध्ये आपल्या कंपनीच्या माणसासमोर 'पडू शकते' म्हणणाऱ्या त्या बाईसारखं व्हावं, असं मला वाटायला लागलं होतं. मोठ्या कंपनीचा निकाल यायच्या आधीच मी होकार कळवला. तो निकाल काय लागला, ते मी कधी पाहिलं नाही.

हैदराबादचे पहिले महिने कठीण गेले. वर्गात सगळे भराभर इंग्रजी बोलत. उड्डाण शिकायला लागल्यावर रेडिओवरचा आवाज मला अर्धाच कळायचा आणि मी सगळ्याला हो म्हणायचे. एकदा टॉवरनं थांबायला सांगितलं आणि मी विमान पुढं घेऊ लागले. शिकवणाऱ्या सरांनी ब्रेक दाबला. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "समजलं नाही तर 'से अगेन' म्हण. हवेत सगळ्यात धोकादायक माणूस तो, जो विचारायला लाजतो." संध्याकाळी मी आईला हे फोनवर सांगितलं. मग ती म्हणाली, "ते सर कुठले हायेत?" मी म्हटलं, लखनौचे. "चांगले हायेत," ती म्हणाली आणि भाजी काय खाल्ली ते विचारू लागली. त्यानंतर मी दिवसातून कितीदा 'से अगेन' म्हटलं असेल, देव जाणे. मुलं मला त्याच नावानं चिडवायची. पण पहिल्यांदा एकटी उडाले, तेव्हा शेजारची रिकामी खुर्ची पाहून काय वाटतं, ते मला आधीच माहीत होतं.

आणि आईला वाटलेली भीती खरीही झाली. मी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, झाल्यावर वर्षभरात कंपनीची विमानं कमी झाली, मार्ग बंद झाले. आम्ही नवखे घरी बसलो. मी दवनीवाड्याला परतले, तेव्हा मामानं 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही, हे त्याचं मोठेपण. कॅप्टन वर्षा आम्हा प्रत्येकाला स्वतः फोन करायच्या. खोटा धीर त्यांनी कधी दिला नाही. 'अजून काही नाही, अभ्यास चालू ठेव,' एवढंच. आई रोज दुपारी माझ्यासमोर पुस्तक आणून ठेवायची आणि म्हणायची, "वाच. मी रांधतो." हिवाळा सरता सरता कंपनी सावरली आणि मला पुन्हा बोलावणं आलं. माझ्यासोबतचे काही जण तोवर दुसरीकडे गेले होते. भंडाऱ्याचा तेजस आता मोठं जेट चालवतो. विमानतळावर भेटला की आम्ही उभ्याउभ्या चहा घेतो. त्याचा रस्ता त्याला लाभला, माझा मला.

आता माझं राहणं हैदराबादला, दोन मैत्रिणींसोबत. विमानात इंग्रजी, खोलीवर हिंदी, भाजीवाल्याशी मोडकं तेलुगू. गावाहून बाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला हे माहीत असेल: किती भाषा बोलल्या तरी दिवसाअखेर तोंड थकतं आणि 'का'ऐवजी आपलं 'काऊन' बोलायला कुणीतरी लागतं. गावी राहिलेल्यांनो, आम्ही तिकडं तुमची आठवण काढत बसलेले नसतो, कामात असतो. पण तुम्ही फोनवर 'कवा येऊन राहिली?' म्हणता, तेव्हा कॅलेंडर आधी आम्हीच उघडतो.

यंदा रोवणीच्या वेळी चार दिवस घरी होते. आई बायकांसोबत चिखलात वाकून परे, म्हणजे भाताची रोपं, लावत होती आणि मी बांधावरून जेवणाचं गाठोडं नेत होते. तेवढ्यात बिरसीकडून एक शिकाऊ विमान वर आलं. बायकांपैकी कुणी मान वर केली नाही. ते आवाज त्यांना रोजचे. मीच थांबले. वळण थोडं लवकर घेतलं पोरानं, असं मनात म्हणत तोंड वर करून पाहत राहिले.

"अवं, खाली पाहून चाल," आई चिखलातून म्हणाली. "बांध ओला हाये, पडशीन."

मी खाली पाहून चालू लागले.