भिडूचा करार

सरकी-पेंड विकणाऱ्या मन्मथअप्पांना ब्रिज खेळता येतं, हे लातूरच्या गंजगोलाई बाजारात फार थोड्यांना माहीत होतं. ज्यांना माहीत होतं ते ब्रिज म्हणजे रमीचाच साहेबी प्रकार समजत. अप्पा कुणाला समजावत बसत नसत. त्या वर्षी कुणाला वेळही नव्हता. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष सरत होतं आणि पाऊस दुसऱ्यांदा हुकला होता. लोक पेंडीचा भाव विचारत आणि न घेता परत जात. देवणीकडचा एक शेतकरी तर रोज येऊन पोत्यातली पेंड नुसती हुंगून जाई.

रविवारी दुपारी अप्पा हात साबणानं दोनदा धूत आणि क्लबात जात. नव्या जिल्ह्याबरोबर कचेऱ्या आल्या होत्या, कचेऱ्यांबरोबर परगावचे साहेब आणि साहेबांबरोबर ब्रिज. पण अप्पांना हा खेळ साहेबांनी शिकवला नव्हता. शिकवला होता ज्ञानोबांनी.

ज्ञानोबा मूळचे कंधारचे. तहसिलीत पेशकार होते. निजामाच्या काळात हैदराबादला नोकरीत असताना करीमोद्दीन नावाच्या भिडूबरोबर ते अकरा वर्षं खेळले. आता एकाहत्तर वर्षांचे होते आणि लातूरला लेकीकडे राहत.

ब्रिजमध्ये चौघं बसतात, समोरासमोरचे दोघं भिडू. पानं वाटली की आधी बोली होते. कोणता रंग हुकूम धरून आपण किती हात करू, ते सांगायचं. भिडूला आपली पानं कळवायची ती एवढ्याच मोजक्या शब्दांत. भुवई हलवायची नाही, खाकरायचं नाही. म्हणून भिडू आधीच ठरवून ठेवतात की अमुक बोलीचा अर्थ अमुक. तो त्यांचा करार. पण हा करार चोरून ठेवता येत नाही. समोरच्यानं विचारलं, तर बोली करणाऱ्यानं नाही, त्याच्या भिडूनं अर्थ सांगायचा.

"आपल्याला जे ठाव, ते समोरच्याला ठाव पायजे," ज्ञानोबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "न्हाई तर हा खेळ न्हाई अप्पा, पाकीटमारी हाय."

दोघांचा करार अप्पांनी सुवाच्य अक्षरात लिहून काढला होता. त्यातलं एक कलम नवं होतं. पाटबंधाऱ्याच्या एका इंजिनिअरकडून अप्पा ते शिकून आले होते. भिडूनं 'एक बिनहुकूम', म्हणजे कुठलाच रंग हुकूम न धरता, अशी सुरुवात केली, की आपण 'दोन चौकट' म्हणायचं. त्याचा अर्थ चौकट नव्हेच. माझ्याकडे लांब बदाम आहेत, म्हणजे पाच-सहा पानं, तुम्ही दोन बदाम म्हणा.

"चौकट म्हणायचं अन् बदाम समजायचं?" ज्ञानोबा हसले होते. "हे तर आमच्या जुन्या तहसीलदारावानी झालं." पण त्यांनी कलम मान्य केलं. अप्पांचा उत्साह त्यांना मोडवला नाही.

वैशाखात नांदेडला सामने ठरले. लातूर जिल्ह्याचा संघ पहिल्यांदाच बाहेर निघाला होता. चार महिन्यांत ज्ञानोबा दोनदा पानं विसरले होते. क्लबात कुजबुज होती, म्हातारा चुकला तर दुसरा भिडू बघा. ती कुजबुज ज्ञानोबांच्या कानावर होती. एसटीत ते करारपत्र मांडीवर घेऊन शाळकरी पोरासारखे पुटपुटत होते. अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले.

शेवटच्या फेरीपर्यंत लातूर थोडं पुढे होतं. समोर नांदेडचे शेषेराव वकील आणि एक अबोल डॉक्टर.

ज्ञानोबांनी सुरुवात केली. "एक बिनहुकूम."

डॉक्टर पास. अप्पांच्या हातात सहा बदाम होते, चौकटची दोनच पानं. "दोन चौकट."

शेषेरावांनी चष्मा वर सारला. "काय हो पेशकारसाहेब, ह्याचा अर्थ?"

ज्ञानोबा प्रसन्नपणे म्हणाले, "अर्थ काय, चौकटच. पानं हलकी हायत, चौकट लांब हाय. इथंच थांबायचं."

अप्पांनी नजर पानांवर ठेवली. एवढ्या खात्रीनं ज्ञानोबा कित्येक दिवसांत बोलले नव्हते. हा करीमोद्दीनबरोबरचा करार होता.

शेषेराव पास. ज्ञानोबा पास. डॉक्टर पास. बोली संपली. आता दोन चौकट हाच डाव, आणि खेळायचा अप्पांनी.

शेषेराव पहिलं पान काढायच्या बेतात होते. चुकीचा अर्थ सांगितला गेला असेल तर तो इथे, पान पडण्याआधी सुधारावा लागतो. गप्प राहिलं तर नांदेडवाले फसतील, चारदोन हात जास्त मिळतील, आणि मीच बोली चुकलो असं नंतर म्हणता येईल. ज्ञानोबांची चूक झाकली जाईल. बोललं तर साऱ्या हॉलसमोर उघडी पडेल.

"थांबा," ते म्हणाले. "आमच्या करारात दोन चौकट म्हणजे बदाम. सांगितलेला अर्थ बरोबर नाही. कागदावर आहे."

पंच आले. त्यांनी कागद वाचला आणि डॉक्टरांना विचारलं, शेवटची बोली बदलायची आहे का. डॉक्टरांनी मान हलवली. पासच.

"लातूरकर," शेषेराव हसले, "जिल्हा येगळा केला, आता भिडूसंगं पण फारकत का?"

कुणी हसलं नाही. पहिलं पान पडलं आणि नियमाप्रमाणे ज्ञानोबांनी आपली पानं टेबलावर उघडी मांडली, रंगवार, नीट ओळीनं. बदामचा राजा ठेवताना त्यांचा हात जरा थांबला. नांदेडवाल्यांनी चौकटवर चौकट ओढली. अप्पांचे आठच्या जागी चारच हात झाले. दुसऱ्या टेबलावर हीच पानं नांदेडच्या जोडीला वाटलेली होती, आणि त्यांचा चार बदामचा डाव सहज वठला होता. लातूर तेवढ्यानंच हरलं.

परतीच्या एसटीत लोहा मागं पडल्यावर ज्ञानोबा म्हणाले, "बरं केलंस."

"काका, मी..."

"गप बसला असतास तर उद्यापासून तुझ्यासमोर बसलो नसतो. माझ्यावर दया करून खेळणारा भिडू मला नको." मग म्हणाले, "पण आता त्या इंजिनेराला घे. मला नवं ऱ्हाईना डोस्क्यात. सकाळपासून तेच घोकून राहिलो होतो. जुनं तेवढं हाय."

बाहेर नांगरून पडलेली रानं होती, ढेकळांसकट. अप्पांना वाटलं, ते कलम आपण आणलं. शिकल्याच्या हौसेनं आणलं. कुणासाठी आणतो आहोत ते बघितलं नाही.

"जुनं काय काय आहे?" त्यांनी विचारलं.

"म्हंजे?"

"करीमसाबांसंगं काय ठरलं होतं ते. सगळं सांगा. मी पाठ करतो."

"येडा हायस का? चाळीस सालामागचं हाय ते. साहेब लोक हसतील."

"हसू द्या. सांगा तुम्ही."

ज्ञानोबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग धोतराचा सोगा सावरून नीट बसले आणि सुरू झाले. बिनहुकूमला किती ताकद लागायची, इस्पिक कधी चढवायचं, डबल कुठं म्हणायचं. कुठेही अडखळले नाहीत. अप्पा एकेक कलम मोठ्यानं म्हणून दाखवत होते. तिसऱ्याच कलमाला चुकले.

"न्हाई, न्हाई!" ज्ञानोबा एवढ्या जोरात ओरडले की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघू लागली. "ध्यान कुठं हाय तुझं? पुन्ना म्हण."

अप्पांनी पुन्हा म्हटलं.