वखारीच्या शाईची रेघ

आप्पांच्या हाताला लागलेली वस्तू खुणेशिवाय सुटत नसे. पाण्याची बाटली, जेवणाचा डबा, इस्पितळाची फाईल, छत्रीचा दांडा, एवढंच काय, घरमालकिणीच्या केरसुणीच्या मुठीवरही त्यांनी काळ्या शाईनं एक गोल काढून ठेवला होता. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत छत्तीस वर्षं त्यांनी पोत्यांवर खुणा घातल्या. नोकरी संपली तेव्हा मालकानं शाल आणि नारळ दिला. आप्पांनी आपणहून मागून घेतली ती शाईची एक बाटली आणि एक बुरूस. "शाल काय, कुणीबी देतंय," ते म्हणायचे. "ही शाई इकत मिळायची न्हाय. पाऊस लागू दे, घाम लागू दे, रेघ हलत न्हाय."

त्यांची आमची गाठ बेळगावात पडली, कॅन्सरच्या एका इस्पितळामागच्या घरात. मी नंदगडकडची शाळामास्तरीण. आमचे हे खानापूरच्या कोर्टात वकील. त्यांच्या घशाला रेडिएशन द्यायचं ठरलं, आठवड्यातून पाच दिवस, एकूण तेहतीस वेळा. रोजची ये-जा त्यांना झेपली नसती म्हणून आम्ही तिथं खोली घेतली. शेजारच्या खोलीत आप्पा आणि त्यांची बायको आक्का. आक्कांच्या डाव्या छातीचं ऑपरेशन झालं होतं आणि आता त्यांना पंचवीस वेळा रेडिएशन घ्यायचं होतं. आप्पा त्याला शेक म्हणत, मग आम्हीही शेकच म्हणायला लागलो. शेक म्हटलं की आजार जरा घरगुती वाटतो.

पहिल्या दिवशी मी स्टोव्हपुढं बसून, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं रडत होते. दारात आप्पा. धोतर, वर स्वेटर, हातात बुरूस. मला वाटलं, आता हा माणूस धीर देणार, आणि धीर देणाऱ्यांचा मला तेव्हा भारी राग यायचा. आप्पांनी धीरबीर काही दिला नाही. आमचा जेवणाचा डबा उचलला, झाकण धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि त्यावर एक मोठा गोल काढला. "बिनखुणंचा माल हरावतोय, बाई," म्हणाले आणि निघून गेले. माझा नवा कोरा स्टीलचा डबा. रडणं राहिलं बाजूला, मी तासभर तो गोल घासत बसले. तो काही निघाला नाही.

वखारीतल्या तीन खुणांवर आप्पांचा सगळा संसार चालत असे. फुली म्हणजे माल परत. नुसता गोल म्हणजे पुन्हा बघायचा. गोलात टिंब म्हणजे पास. जगातली कुठलीही गोष्ट या तिन्हींत बसते असा त्यांचा ठाम विश्वास होता. इस्पितळाच्या कँटीनमधल्या उप्पिटाला फुली. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला गोल, कारण तो सकाळी चहा बरा करायचा आणि दुपारी बिघडवायचा. मोठ्या डॉक्टरांना टिंब मिळायला आठ दिवस लागले. त्यांनी आक्कांना नाव न विचारता आधी "जेवलात काय?" असं विचारलं, तेव्हा कुठं ते पास झाले. मी कशात बसते ते मी विचारलं नाही. धाडस झालं नाही.

शेकाच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. तीस-चाळीस माणसं, सगळ्यांचं चित्त दुसरीकडं, त्यामुळं जाताना कुणाच्या पायात कुणाची चप्पल जाईल याचा नेम नसे. आप्पांना हा गैरकारभार बघवेना. दोन दिवसांत त्यांनी झाडून सगळ्यांच्या चपलांना खुणा घातल्या आणि भिंतीकडेला ओळीनं लावून घेतल्या. बैलहोंगलकडचा एक गौडा, म्हणजे तिकडचा पाटील, आधी कानडीतून भरपूर भांडला. आप्पांनी वखारीतल्या कानडीत त्याला समजावलं. त्यांची कानडी म्हणजे हमालांवर ओरडण्यापुरती. तिच्यात समजावणं आणि दटावणं यांत फार फरक नव्हता. पण तिसऱ्या दिवसापासून तोच गौडा नव्या माणसांना आप्पांकडं पाठवायला लागला.

आमच्या वकिलांचा आवाज दुसऱ्या आठवड्यात बसला आणि तिसऱ्यात पूर्ण गेला. उभ्या जन्मात ज्यांनी मला एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं ते गप्प झाले. खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी खोली खायला उठली. ते खुणा करायचे आणि माझ्याआधी आप्पाच त्यांचा अर्थ लावायचे. ह्यांनी पंखा दाखवला की आप्पा म्हणत, देवाची आठवण काढतायत. ह्यांनी कपाळावर हात मारला की आप्पा म्हणत, डोकं दुखतंय. शेवटी मी शाळेतली पाटी आणून दिली. वकिलांनी तिच्यावर पहिलं वाक्य लिहिलं, "या गृहस्थांना आवरा." आप्पांना वाचता येत होतं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि त्यांना पाणी द्यायला वकील स्वतः उठले. आठवडाभरात अंथरुणातून आपण होऊन उठण्याची ती त्यांची पहिलीच खेप.

घशाचं दुखणं कशानं झालं ते उघड होतं. वकील कोर्टामागं उभे राहून गुपचूप विड्या ओढायचे. हे कळलं तसे आप्पा दोन दिवस आमच्या खोलीकडं फिरकलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी शहाळं घेऊन दारात उभे. "वकीलसाहेब, तुमच्या इडीतला माल माझ्या हाताखालनंच गेला असंल बगा," म्हणाले. "मीच पास केला असंल." वकिलांनी पाटीवर लिहिलं, "ओढली मी. तुम्ही साक्षीदार, आरोपी नव्हे." आप्पांनी ते दोनदा वाचलं, मान हलवली, आणि तरीही शेवटच्या दिवसापर्यंत रोज एक शहाळं आणलं.

पण आप्पांचा खरा जीव अडकला होता तो आक्कांच्या पंचवीस शेकांत. खाडा होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आक्कांना मात्र पहिल्या दिवसापासून घर दिसत होतं. म्हैस शेजारणीच्या हवाली केलेली, सून बाळंतपणाला गेलेली. पंधराव्या शेकानंतर छातीची कातडी भाजल्यासारखी काळी पडली, पदराचा स्पर्शही सोसवेना, तशी त्यांनी रोजच भुणभुण लावली की पुरे झालं, घरी जाऊ या. आप्पा वाद घालत नसत. रोज शेक झाला की दाराच्या चौकटीवर एक रेघ ओढत. चार उभ्या, पाचवी आडवी, वखारीतल्या पोत्यांसारखी. "लाट पुरी झाल्याबिगर गाडी हलत न्हाय," एवढंच म्हणत. लाट म्हणजे मालाचा लॉट. चौकट खराब केली म्हणून घरमालकीण आधी तणतणली. नंतर तीच सकाळी उठून रेघा मोजायची.

अशा एकोणीस रेघा झाल्या आणि दिवाळी आली. नरकचतुर्दशीलाही इस्पितळ चालू होतं. चाळीस वर्षं त्या पहाटे आक्कांनी आप्पांना तेल लावलं होतं, पाठ चोळली होती, ओवाळलं होतं. यंदा त्यांचा डावा हात वर होत नव्हता. आप्पांनी ठरवलं की यंदा उलटं करायचं. अंधारातच त्यांनी पाणी तापवलं, तेल कोमट केलं, कुठून तरी कारिटं पैदा केली. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. आक्का ओरडत होत्या, लाजत होत्या, आणि मधूनच लहान मुलीसारखं हसत होत्या. मी अंथरुणात पडल्या पडल्या ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी पाटीवर एक गोल काढला आणि त्यात टिंब दिलं.

आप्पांनी तेल फक्त डोक्याला आणि पाठीला लावलं होतं. पण तेल सांगितलेल्या जागी थांबत नाही. छातीवर शेक कुठं द्यायचा याच्या जांभळ्या रेघा डॉक्टरांनी आखून दिल्या होत्या. तिथं तेल, साबण, चोळणं सगळं मना होतं. अंग टिपताना आप्पांनी बघितलं तर दोन रेघा पुसून गेलेल्या. दुसरा कुणी असता तर त्यानं धावत जाऊन इस्पितळात सांगितलं असतं. पण आप्पा छत्तीस वर्षं पोत्यावरची पुसट खूण बघून ती पुन्हा काढत आलेले. त्यांनी बाटली उघडली, बुरूस बुडवला आणि दोन्ही रेघा वखारीच्या शाईनं पुन्हा ओढल्या. त्यांच्या मते जिथल्या तिथं.

मशीनवरच्या मुलीनं आक्कांना आत घेतलं आणि दोन मिनिटांत ती बाहेर आली. "इद यार माड्यार्री?" म्हणजे हे कुणी केलं, असं तिनं विचारलं. आप्पांनी वखारीतल्या सवयीनं छाती पुढं काढून हात वर केला. मग मोठे डॉक्टर आले. त्यांनी आवाज चढवला नाही, तेच फार वाईट झालं. रेघ बोटभर सरकली असती आणि कुणाच्या ध्यानात आलं नसतं तर शेक भलत्याच जागी गेला असता, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. आता पुन्हा मोजमाप, पुन्हा आखणी. आजचा शेक नाही. काळी रेघ घासून काढायची नाही, कातडी सोलून निघेल. ती आपोआप जाईल तेव्हा जाईल.

त्या दिवशी चौकटीवर रेघ पडली नाही. आप्पा पायरीवर बसून राहिले. फराळाचं ताट मी ठेवलं तसंच पडून होतं. संध्याकाळी त्यांनी बाटली आणि बुरूस आणून माझ्या हातात दिला. "तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, बाई. माजा हात आता खरा न्हाय." त्या माणसाला इतकं लहान झालेलं मी बघितलं नव्हतं. मलाच रडू फुटलं. आणि मनात भीती वेगळीच. आक्कांना घरी जायला निमित्तच हवं होतं, आणि ज्यानं त्यांना अडवायचं तोच खचला होता. सकाळी शेजारची खोली रिकामी दिसणार, असं मी धरूनच चालले.

सकाळी दार उघडलं तर आक्का माझ्याच दारात उभ्या. केस विंचरलेले, फाईल काखेत. त्यांनी बुरूस आणि बाटली मागून घेतली आणि पायरीवर बसलेल्या आप्पांच्या पुढ्यात नेऊन ठेवली. "उठा," म्हणाल्या. "तुमची एक रेघ चुकली म्हणून काय मी मरत न्हाय. आन् पाच-सा शेक ऱ्हायल्यात, ते मोजायचं कुणी? बाईंनी?"

आप्पा उठले. त्या दिवशी इस्पितळात त्यांनी कुणाच्या चपलेला हात लावला नाही. पण खोलीवर आल्यावर चौकटीवर विसावी रेघ ओढली. ती जरा वाकडी आली होती.

पुढं आक्कांचे पंचवीस पुरे झाले. आमचे अजून आठ बाकी होते. ती दोघं गावी निघाली तेव्हा मी आप्पांपुढं डबा धरला आणि गोलात टिंब द्या म्हणून अडून बसले. ते देईनात. पुन्हा तपासल्याशिवाय माल पास करत नसतात, म्हणाले. तीन महिन्यांनी दोन्ही कुटुंबांची तपासणी एकाच दिवशी लावून घेतली होती, ती आप्पांनीच. त्या दिवशी इस्पितळाच्या व्हरांड्यात आमचे वकील घोगऱ्या आवाजात पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. काय बोलावं त्यांनी? "आप्पा, त्या दिवशी मी पंखाच लावायला सांगत होतो." आप्पांनी पिशवीतून बाटली काढली आणि तिथंच डब्यावर टिंब दिलं. टिंब मधोमध न पडता कडेला पडलं. मी त्यावरून त्यांची चेष्टा केली, ती आजही मला टोचते.

कारण सहा महिन्यांनी ते गेले. छातीत कळ आली आणि गावाहून निपाणीच्या इस्पितळात नेईपर्यंत संपलं. सगळं घर ज्या दुखण्याकडं डोळे लावून बसलं होतं, ते दुखणं मागंच राहिलं. बातमी आम्हाला उशिरा कळली. आम्ही दोघं त्यांच्या गावी गेलो. आक्कांची तब्येत चांगली होती, वजनही भरलं होतं. घरात जिकडंतिकडं गोल. कणगीवर, उंबऱ्यावर, म्हशीच्या घमेल्यावर. ह्यांनी त्यांना नमस्कार केला.

आक्का मला आत घेऊन गेल्या. मी उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, छातीवरच्या त्या रेघा आता गेल्या असतील ना?

"डॉक्टरांच्या पंधरा दिसांत गेल्या," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या म्हयनाभर हुत्या. आता न्हाय दिसत, लई दिस झालं." त्यांनी पदर सारखा केला. "पर अंगुळीला बसलं की हात अजून तितनं बाजूनं जातोय बगा. पुसंल म्हून."